होमरची मिश्र भाषा आणि आपल्या वह्यांतील ओवी

एम.ए.च्या साहित्यविचाराच्या अभ्यासपत्रिकेसाठी ॲरिस्टॉटलचे ‘काव्यशास्त्र’ वाचावे लागते. आपले बहुतेक विद्यार्थी ते विंदा करंदीकरांच्या अनुवादातून वाचतात. शोकांतिका, विरेचन, अनुकृती यांवर परीक्षेत हमखास प्रश्न येतात, त्यामुळे ग्रंथाच्या शेवटी महाकाव्याविषयी जे आले आहे ते घाईने उरकले जाते. तिथे ॲरिस्टॉटल दोन गोष्टी सांगतो. महाकाव्यासाठी एक विशिष्ट वृत्तच योग्य आहे, हे अनुभवाने ठरले, ही पहिली. हे वृत्त अपरिचित शब्दांना इतर कोणत्याही वृत्तापेक्षा अधिक सहज सामावून घेते, ही दुसरी. या दुसऱ्या विधानापाशी वर्गात सहसा कोणी थांबत नाही. वृत्ताचा आणि परक्या शब्दाचा संबंध काय? प्रस्तुत लेखात मला त्या एका विधानाचा उलगडा करायचा आहे. बेळगाव-निपाणी पट्ट्यात मराठी शिकवणाऱ्याला तो करणे भाग पडते, कारण आमचे विद्यार्थी प्रकल्पासाठी आजीच्या तोंडच्या ओव्या वहीत उतरवून आणतात, आणि त्या वहीत नेमका हाच प्रश्न उभा राहतो.

आधी वृत्त. होमरची ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ ही दोन्ही काव्ये एकाच वृत्तात आहेत. पहिल्यात सुमारे १५,७०० ओळी आहेत, दुसऱ्यात सुमारे १२,१००. या वृत्ताला सोयीसाठी षट्पदी म्हणू या. मात्र आपल्या ‘षट्पदी’ नावाच्या रचनांशी, किंवा कन्नडमधल्या षट्पदीशी, त्याचा संबंध नाही. एका ओळीत सहा गण असतात. प्रत्येक गणाचे पहिले अक्षर गुरू. त्यानंतर दोन लघू येतात किंवा त्यांच्या जागी एक गुरू येतो. पाचव्या गणात बहुधा गुरू-लघू-लघू हीच रचना ठेवतात. सहावा गण दोनच अक्षरांचा, आणि त्यातले शेवटचे अक्षर लघू असले तरी चालते. म्हणजे ओळीतील अक्षरे १२ ते १७ पर्यंत कितीही असू शकतात, पण काळ तोच राहतो.

हे वर्णन इंग्रजी पुस्तकातून शिकलेल्याला अवघड वाटते. इंग्रजीत लघुगुरू नाहीत, आघात आहेत. लाँगफेलोने ‘इव्हँजेलीन’ (१८४७) या काव्यात हे वृत्त इंग्रजीत आणले ते आघातांच्या आधाराने. ते वाचून ग्रीक वृत्ताची कल्पना येईलच असे नाही. मराठी विद्यार्थ्याला तो वळसा घ्यावा लागत नाही. ऱ्हस्व स्वर लघू, दीर्घ स्वर गुरू, आणि ऱ्हस्वापुढे जोडाक्षर आल्यास तोही गुरू, हा शाळेत पाठ केलेला नियम ग्रीकला जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो. ‘तुम्ही’ या शब्दात पुढे जोडाक्षर असूनही ‘तु’वर आघात येत नाही म्हणून तो लघूच राहतो, अशी आपल्याकडे सूट आहे, ग्रीकमध्येही प, त, क यांना र किंवा ल जोडलेला असला तर काही वेळा अशी सूट मिळते. चार मात्रांच्या गणांची ओळ आपल्याला आर्येमुळे परिचित आहेच. मोरोपंत जन्मले ते पन्हाळ्यावर, म्हणजे निपाणीहून फार लांब नाही. आर्येतील गण अधिक मोकळे आहेत, त्यात चार लघूही चालतात. ग्रीक गण फक्त दोनच आकारांचा. वृत्त, जाती आणि छंद अशी जी विभागणी माधव जूलियनांनी ‘छन्दोरचने’त केली, तिच्यात होमरच्या वृत्ताला जागा द्यायची तर ती जातींच्या शेजारी द्यावी लागेल, शार्दूलविक्रीडितासारख्या गणवृत्तांच्या शेजारी नव्हे.

वर्गात मी फळ्यावर दोन ओळी लिहितो. दोन्ही मीच जुळवलेल्या आहेत आणि काव्य म्हणून त्यांची किंमत शून्य आहे.

डोंगर सोडुन धावत येउन सागर गाठी

कृष्णा सह्यगिरी उतरे मग सागर गाठी

दोन्हींत सहा गण आहेत, दोन्हींत चोवीस मात्रा. पण पहिली ओळ म्हणताना लेझमीचा हात पडल्यासारखे वाटते, कारण प्रत्येक गणाशी एक शब्द संपतो. दुसरीत तसे होत नाही. गण पाडून बघावेत: कृष्णा, सह्यगि, री-उत, रे-मग, सागर, गाठी. ‘गिरी’ हा शब्द तिसऱ्या गणाच्या मध्येच संपतो आणि तिथे श्वास घेता येतो. ‘उतरे’ पुढच्या गणात शिरतो. ग्रीक कवींनी ही दुसरी रीत कसोशीने पाळली. तिसऱ्या गणाच्या पोटात शब्द संपला पाहिजे आणि गणाच्या शेवटी ओळ मधोमध दुभंगता कामा नये. हजारो ओळी सलग ऐकूनही ते वृत्त कंटाळवाणे होत नाही याचे एक कारण हे आहे. (‘कृ’ ऱ्हस्व असून गुरू कसा, असे दर वर्षी कोणीतरी विचारतेच. पुढचा ‘ष्णा’ पाहावा.)

आता याच ओळीत कृष्णेऐवजी आपली दुसरी एखादी नदी बसवून बघा. वेदगंगा बसत नाही. दूधगंगा, पंचगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, मलप्रभा यांपैकी कोणतीच बसत नाही. या प्रत्येक नावात दोन गुरूंच्या मध्ये एकटा लघू अडकला आहे, आणि या वृत्तात एकट्या लघूला जागाच नाही. लघू आला तर जोडीने यावा लागतो. मार्कंडेय तेवढी कशीबशी बसते, पुढच्या शब्दाचे पहिले अक्षर लघू असले तर. ग्रीक गायकापुढे हीच अडचण रोज होती. ‘अमर’ या अर्थाचा त्यांचा ‘अथनतोस’ हा शब्द तीन लघूंनी सुरू होतो. तो वृत्तात कुठेच बसत नाही, आणि देवांच्या कथा सांगणाऱ्याला तो टाळताही येत नाही. त्यांनी पहिला ‘अ’ ओढून दीर्घ केला. बोलताना कोणी तसा उच्चार करीत नसे. काव्यात मात्र सर्रास तसाच होऊ लागला.

इथून मूळ मुद्द्याकडे येता येते. होमरची भाषा कोणत्याही गावात, कोणत्याही काळात बोलली गेलेली नाही. तिचा मुख्य पिंड आयोनिक बोलीचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्याचा मध्यभाग आणि समोरची बेटे येथील बोलीचा. तिच्यात त्याच्या उत्तरेकडील इओलिक बोलीची रूपे जागोजाग मिसळली आहेत. शिवाय दोन्ही बोलींतून केव्हाच लुप्त झालेली फार जुनी रूपेही आहेत. ‘असणे’ या एका क्रियापदाच्या तुमन्त रूपासाठी होमरपाशी पाच रूपे आहेत: एइनाइ, एमेन, एम्मेन, एमेनाइ, एम्मेनाइ. अर्थ एकच, लघुगुरूंचा आकार मात्र प्रत्येकाचा वेगळा. संबंध दाखवणारा षष्ठीचा प्रत्ययही दोन रूपांत येतो. नवे रूप ‘-ऊ’, एका गुरूचे. जुने रूप ‘-ओइओ’, गुरू आणि लघू मिळून. ही जुनी षष्ठी किती जुनी, ते १९५२ साली मायकेल व्हेंट्रिसने मायसिनी काळच्या मातीच्या पाट्यांवरील लिपी उलगडली तेव्हा कळले. ‘इलियड’ साधारणपणे इ.स.पू. आठव्या शतकातले मानले जाते, आणि हे रूप त्यापूर्वीच्या कितीतरी शतकांच्या पाट्यांवर कोरलेले सापडते.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. ‘त्याचा’ दोन अक्षरी आणि ‘तयाचा’ तीन अक्षरी. ‘माझ्या’ आणि ‘माझिया’. ‘येते’ आणि ‘येतसे’. आपण बोलताना ‘तयाचा’ म्हणत नाही, आपले पणजोबाही म्हणत नसावेत, पण अभंग किंवा आरती म्हणताना तो शब्द अडखळवत नाही. एक अक्षर जास्त हवे असते तेव्हा तो कामाला येतो, आणि म्हणूनच तो टिकला. वृत्त ही जुन्या रूपांची कणगी आहे. ॲरिस्टॉटलच्या विधानाचा अर्धा उलगडा इथेच होतो.

उरलेला अर्धा मिल्मन पॅरीने केला. १९२८ साली पॅरिसमध्ये त्याने होमरच्या विशेषणांवर प्रबंध सादर केला. अकिलीस तंबूत बसलेला असला तरी होमर त्याला ‘शीघ्रपद’ म्हणतो, ही गोष्ट वाचकांना पूर्वीपासून खटकत आली होती. पॅरीने अर्थ बाजूला ठेवून आकार मोजले. ओळीच्या शेवटी पाच अक्षरांची जागा रिकामी असली तर ‘दिओस अखिल्लेउस’, दिव्य अकिलीस. सात अक्षरांची असली तर ‘पोदस ओकुस अखिल्लेउस’, शीघ्रपद अकिलीस. आठांची असली तर ‘पोदार्केस दिओस अखिल्लेउस’. एका नायकासाठी, एका जागेसाठी बहुधा एकच विशेषण असते. त्याच मापाचे दुसरे ठेवलेले नसते. अशी काटकसर एकट्या कवीच्या हातून होत नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या समोर बसलेल्या लोकांना गाऊन दाखवणाऱ्या, ओळ तोंडातल्या तोंडात जुळवणाऱ्या गायकांची आहे. पुढे १९३३ ते १९३५ या काळात पॅरी आणि त्याचा शिष्य अल्बर्ट लॉर्ड युगोस्लाव्हियात फिरले. तिथले गायक दशाक्षरी ओळीत, गुसले नावाच्या वाद्यावर वीरकथा गात. गुसलेलाही आपल्या तुणतुण्यासारखी एकच तार असते. अव्दो मेजेदोविच या निरक्षर गायकाने १९३५ साली त्यांच्यापुढे बारा हजारांहून अधिक ओळींची एक कथा सांगितली. पॅरी त्याच वर्षी, तेहतिसाव्या वर्षी गेला. लॉर्डचे ‘द सिंगर ऑफ टेल्स’ १९६० साली आले.

आपल्याकडे पॅरीचे नाव निघाले की लगेच पोवाड्याकडे बोट दाखवले जाते. शिवबा तीन अक्षरे, शिवराय चार, शिवाजी राजा पाच, छत्रपती शिवाजी सात. ही शिडी शाहिराच्या हाताशी असते हे खरे. पण पोवाडा म्हणजे मराठी इलियड ही तुलना मला ओढूनताणून केलेली वाटते. पोवाडा आटोपशीर असतो, चाल मध्येच बदलतो, आणि विशेषणांच्या बाबतीत इतका काटकसरी नसतो. अफझलखानाच्या वधाचा अज्ञानदासाचा पोवाडा किंवा तुळशीदासाचा तानाजीचा पोवाडा घ्या. ती घडलेल्या प्रसंगाच्या जवळ उभी राहिलेली, एका नावाची रचना आहे. होमरच्या जवळचे काही शोधायचे तर धनगरी ओवीकडे जावे लागते. बिरोबाची कथा रात्रभर चालते. एक जण पुढे होऊन गातो, बाकीचे झेलतात, मध्ये गद्य निवेदन येते आणि पुन्हा गाणे. ग्युंटर सोंथायमर यांनी या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांतील काही ॲन फेल्डहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली इंग्रजीत आणल्या. पट्टणकोडोलीच्या यात्रेत जो बिरदेव, तोच सीमेपलीकडे कुरुबांचा बीरप्पा, आणि तिथे त्याची कथा डोळ्ळू नावाच्या ढोलावर कन्नडमध्ये गातात. सीमाभागातील विद्यार्थ्याला हे सारे अंगणातले आहे. त्याने होमर त्याच अंगणातून वाचावा असे मला वाटते.

भाषेच्या बाबतीत तर आमच्या विद्यार्थ्याला एक अनपेक्षित लाभ मिळतो. ग्रीकमध्ये ऱ्हस्व ओ आणि दीर्घ ओ यांना वेगळी अक्षरे आहेत, ओमिक्रॉन आणि ओमेगा; नावांचा अर्थच धाकटा ओ आणि थोरला ओ. तसेच ए चेही आहे. मराठीत आणि संस्कृतात ए, ओ दीर्घच मोजायचे असतात, म्हणून पुण्याच्या विद्यार्थ्याला हा भेद समजावून द्यावा लागेल. निपाणीच्या विद्यार्थ्याला कन्नड येते. ऱ्हस्व ओचे ‘कोडु’ म्हणजे दे, दीर्घ ओचे ‘कोडु’ म्हणजे शिंग, हे त्याला बाजारात वावरताना कळलेले असते. वर अकिलीसच्या ‘पोदस’ या शब्दातला ‘पो’ मी लघू मोजला तो का, हे अशा विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही.

होमरच्या जन्मगावाचा मान सात गावांनी मागितला, अशी जुनी कथा आहे. त्यांत स्मर्ना होते, आजचे इझमीर. ते आधी इओलियनांचे होते आणि पुढे आयोनियनांच्या ताब्यात गेले, असे हिरोडोटस सांगतो. म्हणजे दोन बोलींच्या शिवेवरचे गाव. होमर तिथला होता की नाही हा प्रश्न बाजूला राहू द्या. त्याची मिश्र भाषा शेजारामुळे झाली की आधी इओलिक गायकांची परंपरा होती आणि ती आयोनियनांनी उचलली, यावर विद्वानांत वाद आहे. पण त्या वादात पॅरीने मांडलेला एक मुद्दा आपल्या फार उपयोगाचा आहे. आयोनियन गायकाला इओलिक रूप मिळाले आणि त्याच मापाचे आपल्या बोलीतले रूप उपलब्ध असले, तर तो आपले रूप वापरी. माप जुळत नसले तरच तो परके रूप जसेच्या तसे ठेवी. म्हणजे होमरमध्ये जे परके उरले आहे, त्यातले पुष्कळसे वृत्ताने धरून ठेवलेले आहे.

आता वह्यांकडे. ओवीचा एक फार जुना उल्लेख सोमेश्वर चालुक्याच्या ‘मानसोल्लासा’त, बाराव्या शतकात येतो, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, असे हा राजा नोंदवतो. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. ओवीची ही साक्ष कन्नड मुलखातून येते, ही गोष्ट आमच्याकडच्या श्रोत्यांना सांगताना मला नेहमी आनंद होतो. कन्नड बायकांचे जात्यावरचे गाणे त्रिपदीत असते, आणि त्रिपदी बदामीच्या कप्पे अरभट्टाच्या शिलालेखात, इ.स. ७००च्या सुमारास, कोरलेली आहे. हलसंगीच्या मित्रमंडळाने ‘गरतिय हाडु’ या संग्रहात कन्नड त्रिपद्या जमवल्या. मराठीत साने गुरुजींचे ‘स्त्री जीवन’, सरोजिनी बाबर यांचे आयुष्यभराचे काम आणि गी पॉइटेव्हिन व हेमा रायरकर यांनी जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्या आहेत. चिकोडी, हुक्केरी, खानापूर, निपाणी या पट्ट्यात एका जात्याला दोन्ही ऐकू येत. दोन्ही भाषांची कुळे वेगळी, म्हणून आयोनिक-इओलिकची तुलना इथे शब्दशः लावू नये. ती बोलींची सरमिसळ होती, ही दोन भाषांची शेजारसोबत आहे. जाते मात्र एकच, आणि खुंट्याचा फेराही एकच.

विद्यार्थी ओव्या उतरवतात तेव्हा तीन प्रकारची दुरुस्ती होते. दुरुस्ती करणारा बहुधा मराठीचा हुशार विद्यार्थी असतो, आणि त्याचा हेतू चांगला असतो.

पहिली दुरुस्ती रूपांची. आजी ‘माझिया बंधवाचा’ म्हणते. वहीत ‘माझ्या भावाचा’ येते. सात अक्षरांची पाच झाली. पाच अक्षरांवर फेरा पुरा होत नाही, मग ओवी ‘सदोष’ दिसू लागते आणि दोष आजीच्या नावावर जमा होतो. ओवीच्या छंदात लघुगुरू पाहायचे नसतात, म्हणताना सारी अक्षरे सारखीच ओढली जातात. अक्षरसंख्याही काटेकोर नसते. पण म्हणूनच अक्षराचे वजन वाढते. फेऱ्यात किती अक्षरे पडतात, हे ऐकूनच ठरवावे लागते.

दुसरी दुरुस्ती भरतीच्या शब्दांची. ‘गं’, ‘बाई’, ‘सांगते बाई’ हे निरर्थक समजून गाळले जातात. होमरमध्ये एकाच अव्ययाची ‘अरा’, ‘अर’, ‘र्‍हा’ अशी तीन रूपे आहेत. त्याचा अर्थ अनुवादात बहुतेक वेळा उतरतच नाही. तरी ते कोणी गाळत नाही. गाळले तर ओळ कोसळते.

या ठिकाणी एका हरवलेल्या व्यंजनाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. आयोनिक बोलीतून ‘व’ हा उच्चार नाहीसा झाला. ‘वोइनोस’ म्हणजे मद्य, त्याचे ‘ओइनोस’ झाले. ‘वनक्स’ म्हणजे राजा, त्याचे ‘अनक्स’. ‘वोइदा’ म्हणजे मी जाणतो, त्याचे ‘ओइदा’. हा शेवटचा शब्द आणि संस्कृत ‘वेद’ एकाच मुळाचे, म्हणजे ग्रीकांनी गमावलेला तो ‘व’ आमच्या वेदगंगेच्या नावात शाबूत आहे. होमरच्या हस्तलिखितांत हा व्यंजन कुठेही लिहिलेला नाही. पण शेकडो ओळी अशा आहेत की तो नसेल तर वृत्त अडखळते: दोन स्वर शेजारी येऊनही त्यांचा संधी होत नाही, लघू असायला हवे ते अक्षर गुरू ठरते. नकलकारांना हे अडखळणे खटकले. त्यांनी जागोजाग एखादा ‘न्’ किंवा ‘गे’ हे अव्यय घालून खड्डे बुजवले. अठराव्या शतकाच्या आरंभी रिचर्ड बेंटली या इंग्रज पंडिताच्या ध्यानात आले की ते खड्डे नव्हते, तिथे एक वर्ण होता. आपल्याकडेही याचा घरोघरचा दाखला आहे. गायत्री छंदाचा चरण आठ अक्षरांचा, पण सवितृमंत्राच्या पहिल्या चरणात सातच भरतात. ‘वरेण्यं’ऐवजी ‘वरेणियं’ म्हटले की आठ होतात. कोणी तिथे एखादा भरतीचा शब्द घालून चरण ‘दुरुस्त’ केला असता, तर तो जुना उच्चार आपल्याला कधीच कळला नसता.

तिसरी दुरुस्ती कन्नड शब्दांची, आणि सीमाभागात तीच सर्वांत हळवी. ओवीत ‘अक्का’ आली की वहीत ‘ताई’ होते. ‘अव्वा’ची ‘आई’ होते. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात ओव्यांची एक छोटी पुस्तिका निघाली, तिच्यात असा एकही शब्द शिल्लक ठेवलेला नाही. मराठीपण सिद्ध करण्याची ओढ मी समजू शकतो, आम्ही सगळे त्याच वातावरणात वाढलो. पण इथे पॅरीचा मुद्दा उलटा लावून पाहावा. ‘अक्का’ आणि ‘ताई’ दोन्ही दोन अक्षरी. छंदाने ‘अक्का’ला धरून ठेवलेले नाही; गाणाऱ्या बाईला ‘ताई’ म्हणता आले असते. तरीही तिने ‘अक्का’ म्हटले. म्हणजे तो अवशेष नव्हे, तिच्या घरातला आजचा बोलता शब्द आहे. ‘माझिया’ जुन्या काळाची साक्ष देतो आणि ‘अक्का’ शेजाराची. दोन्ही पुसले की वहीत जे उरते ते क्रमिक पुस्तकातले मराठी, आणि ते आपल्याजवळ आधीच पुष्कळ आहे. (‘ताई’ हा शब्दही कन्नड ‘तायि’शी जोडला जातो, हे पुस्तिकेच्या संपादकांच्या लक्षात आले असते तर त्यांनी काय केले असते कोण जाणे.)

मग शुद्धाशुद्ध पाहायचेच नाही का, असा प्रश्न शिक्षकांच्या बैठकीत येतो, आणि तो योग्य आहे. ऐकण्यात चूक होते, आजीही विसरते, दोन ओव्या एकमेकींत मिसळतात. या कामात आपल्यापुढे दोन थोर आदर्श आहेत. इ.स.पू. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात अरिस्टार्कसने होमरची संहिता सिद्ध केली. संशयित ओळ त्याने काढून टाकली नाही. समासात एक आडवी रेघ ओढली आणि ओळ तशीच राहू दिली. शंका पुढच्याला दिसावी आणि ओळही दिसावी. आपल्याकडे एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, अनेक प्रती जमवून ज्ञानेश्वरी शुद्ध केली. त्यांच्यामुळे ग्रंथ वाचला यात शंका नाही. पण त्यांनी कोठे काय बदलले, हे समासात लिहिलेले मिळत नाही. म्हणून १९०९ साली राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली, तेव्हा त्या प्रतीच्या खरेखोटेपणावर पिढ्यांचा वाद माजला. मला स्वतःला, संग्राहकाच्या कामापुरता, अरिस्टार्कस अधिक जवळचा वाटतो.

आम्ही आता वहीची मांडणी ठरवून दिली आहे. डाव्या पानावर जसे ऐकले तसे, ‘गं’ आणि ‘बाई’सकट, फेरा जिथे पुरा होतो तिथे ओळ तोडून. ओढून म्हटलेल्या अक्षरापुढे अवग्रह. उजव्या पानावर शंका, अर्थ, गाव, तारीख आणि गाणाऱ्या बाईची घरची भाषा. ध्वनिमुद्रण मोबाईलवर होतेच. अक्षरे मोजायची ती त्यावरून, वहीवरून नव्हे. एकच ओवी पुन्हा म्हणायला सांगावी, आणि दुसऱ्या वेळी वेगळी आली तर दोन्ही लिहाव्यात. पॅरी आणि लॉर्डनेही आपल्या गायकांकडून एकच कथा पुन्हा पुन्हा गाऊन घेतली होती.

यंदाच्या एका वहीत डाव्या पानावर, मराठी ओवीच्या मधोमध, ‘ब्याड’ हा कन्नड शब्द आला आहे, ‘नको’ या अर्थी. ‘नको’ही दोनच अक्षरे. विद्यार्थिनीने आजीला विचारले की इथे ‘नको’ का नाही म्हणत. आजीचे उत्तर तिने उजव्या पानावर तारखेसह उतरवले आहे: “ते सासू म्हणतीया. सासू कानडी हाय, ती मराठीत कशी बोलंल?”